दुसरं वाजवणं

“मयताला आलीत का गं ही माणसं?”

मामांनी विचारलं, आणि तेही मोठ्यानं. नशीब माझं, मराठीत विचारलं.

समोर शंभरेक गोरी माणसं ओव्हरकोट घालून खुर्च्यांवर बसली होती. बोलणं नाही, खोकणं नाही, हात मांडीवर. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बाईनं चेनचा आवाज नको म्हणून पर्स घरूनच उघडी आणली होती. हे मी बनवून सांगत नाही. ती दर वेळी तसंच करायची आणि दर वेळी मला ते आवर्जून दाखवायची.

“मामा, हळू. ही तुम्हाला ऐकायला आलीत.”

“ऐकणारी माणसं अशी बसत्यात? पानबिन द्या की जरा त्यांना.”

गाव गेंट, देश बेल्जियम, नोव्हेंबरातल्या रविवारची दुपार. जागा म्हणजे बंद पडलेली सूतगिरणी. आत अशी थंडी की बोललं की तोंडातून वाफ. हीटर मुद्दाम बंद ठेवला होता, कारण पाइपांची टकटक टेपवर येते. माझा त्या वेळचा नवरा लीव्हन याची जॅझच्या रेकॉर्डी काढणारी छोटी कंपनी होती, आणि त्या दुपारी तिथं माझ्या सख्ख्या मामांची, मिरजेच्या रंगराव घडशींची, रेकॉर्ड व्हायची होती.

कंपनीचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. लीव्हनच्या वडिलांचं मटणाचं दुकान होतं, चांगलं चालणारं. ते गेले आणि चिरंजीवांनी दुकान विकून जॅझ वाचवायला घेतलं. जॅझनं कुणाला वाचवा म्हणून सांगितलं नव्हतं. कंपनीचं नाव ‘एनमाल’, त्यांच्या भाषेत ‘एकदाच’. जसं नाव तसा नेम. वादकांनी आधी एकत्र सराव करायचा नाही. वादक जागेवर उभा राहिला की टेप सुरू, रीळ संपलं की रेकॉर्ड पुरी. परत वाजवणं नाही, चुकलेलं कापणं नाही, आणि रीळ मागं फिरवणं म्हणजे तर महापाप. लीव्हन त्या इमारतीत दुसरं रीळसुद्धा ठेवायचा नाही. “दुसरं रीळ हाताशी असलं की माणूस खोटं वाजवतो,” असं तो मुलाखतींत सांगायचा आणि मुलाखत घेणारे माना डोलवायचे. प्रत्येक रेकॉर्डचं कव्हर तेच, राखाडी. फोटो नाही, चित्र नाही, वर क्रमांक. समोर बसलेले ते सगळे कंपनीचे वर्गणीदार. त्यांना टाळी वाजवायची मनाई होती. वाजवून झालं की उभं राहायचं आणि मान खाली घालायची. तेव्हा मामा म्हणाले त्यात खोटं काहीच नव्हतं.

मी तिथं टेप चालवायचे. सांगलीच्या आकाशवाणीत मी तेच काम करत होते. लीव्हन मिरजेला तंबोरे बघायला आला, आमच्या स्टुडिओत डोकावला, आणि माझी अक्कल चरायला गेली. असो.

मामा म्हणजे कुणी गरीब गाय नव्हते बरं का. मिरज-सांगलीकडं लग्नाला घडशींचा बँड असला की वरपक्षाची मान ताठ व्हायची. मामा सगळ्यांच्या पुढं, जरीचा कोट, कलप लावलेल्या मिशा, क्लॅरनेटचं तोंड आभाळाकडं. घोड्यावर बसलेल्या पोराला बघायला नाही, आपल्यालाच बघायला लोक गॅलरीत आलेत अशी त्यांची पक्की समजूत, आणि पुष्कळदा ती खरी असायची. पण वाजवलेलं सगळं वाऱ्यावर गेलं. मुंबईला जाऊन सिनेमाच्या गाण्यांत वाजवून आले, नाव कुठंच नाही. त्यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. आपली रेकॉर्ड, वर आपलं नाव आणि आपला फोटो. आणि आता घाई होती. त्यांचे वरचे पुढचे दोन दात हलायला लागले होते. क्लॅरनेट वरच्या दातांवर टेकवून वाजवतात. दात गेले की वाजवणं गेलं. मिरजेच्या डॉक्टरांना मामांनी थांबवून ठेवलं होतं. “भाचीकडनं जाऊन येतो, मग उपटा काय उपटायचे ते.”

हे मी लीव्हनला सांगितलं, तर तो म्हणाला, “वा! म्हणजे शेवटचा श्वास!” काय बोलणार अशा माणसाशी? नाव छापायला तो राजी होता, फोटोला नव्हता. फोटोचं मी मामांच्या कानावर घातलं नव्हतं. म्हटलं, आधी रेकॉर्ड तर होऊ दे.

त्या दिवशी सकाळी पोळी-लोणचं वाढता वाढता मी मामांना बजावलं. “नीट ऐका. एकदाच वाजवायचं. तुम्ही उभे राहिलात की टेप सुरू.”

“बरं.”

“बरं नाही. परत वाजवायला मिळणार नाही.”

“एकदाच म्हंजी? लगीन हाय का?” मामांनी पोळीचा तुकडा लोणच्यात बुडवला. “लगीनबी लोक दोनदा करत्यात.”

“मामा, चेष्टा नाही ही!”

“आगं, साहेब लोक असंच बोलत्यात. तुमच्या आकाशवाणीत काय व्हायचं? लाल दिवा लागायच्या आधी वाजवून बघायचं का न्हाई? पत्ती गार, लाकूड गार. पहिलं वाजवणं मांडवाला. माणसं तवर चपला ठेवायला जागा हुडकत असत्यात. आपलं खरं वाजवणं जेवणं झाल्यावर.”

आणि ही काही त्या दिवसापुरती तऱ्हा नव्हती. मामांनी आयुष्यभर तेच केलं होतं. पहिलं वाजवणं हे त्यांच्या लेखी वाजवणंच नव्हतं, ते घसा खाकरणं होतं. त्यात ते सूर लावत नसत, जीव तर नाहीच. मांडवातल्या पोरांनाही ठाऊक असायचं, घडशी अजून सुरू झाले नाहीत म्हणून.

मी लीव्हनकडं गेले. तो आरशासमोर दाढी विंचरत होता.

“ऐक. मामांचं पहिलं सोडून दे. ते फक्त वाद्य गरम करतील. मी दुसऱ्यापासून टेप लावते. रीळ एकच राहील, तुझा नेमही मोडणार नाही.”

“शालन, आपलं रेकॉर्डिंग चाललंय हे ज्याच्या गावीच नाही, तो माणूस सगळ्यात खरा वाजवतो. हे तर उत्तमच झालं.”

“अरे, ते त्याला वाजवणं म्हणतच नाहीत!”

“तेच तर!” त्याचा चेहरा फुलला. दुसऱ्याचं नुकसान होताना दिसलं की त्याला असा आनंद व्हायचा, आणि त्याला तो तत्त्व म्हणायचा. “टेप त्यांच्या पहिल्या सुराला सुरू झाली पाहिजे. मी तुझ्याशेजारी उभा राहणार आहे.”

आणि राहिला. गिरणीच्या कारकुनाची जुनी काचेची खोली होती, तिथं टेप मशीन. लीव्हन माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा. मामांच्या बाजूला रिक नावाचा वादक, माणसाएवढं डबल बेस घेऊन. मी काचेतून मामांना खूण केली, तोंडानं ‘सुरू झालं’ म्हटलं, हात जोडले. मामांनी पण हात जोडले आणि क्लॅरनेटच्या तोंडाची वेताची पत्ती चाटायला लागले.

मग जे झालं ते ऐका. मामा खालून वर गेले, वरून खाली आले. थंडीनं क्लॅरनेट उतरलेलं, एक सूर धड लागेना. पत्ती किंचाळली. मामांनी ती काढली, उजेडाकडं धरली, थुंकी लावून परत बसवली. एका मिरवणुकीच्या धूनचा तुकडा वाजवला, अर्ध्यात सोडला. रिककडं वळून म्हणाले, “ह्याचं उतरलंय, बघ.” रिकला काय कळणार? त्यानं घाबरून एक तार छेडली. “हां, तसं,” मामा म्हणाले. मग त्यांनी वाद्य आतून पुसायला फडकं घातलं, ते अडकलं. ओढलं, येईना. पुन्हा ओढलं तसं फुस्स करून बाहेर आलं. तिसऱ्या रांगेतला एक गृहस्थ रडायला लागला.

माणसं हूं की चूं करत नाहीत म्हटल्यावर मामांनीही घाई केली नाही. रीळ संपेस्तोवर त्यांचं हे चालू होतं. मी लीव्हनकडं वळून पाहिलं. डोळे मिटून उभा, ओठ थरथरताहेत. मला त्या क्षणी त्याची शिसारी आली. खरंच सांगते, दुसरा शब्द नाही.

रीळ संपलं. लीव्हननं हात वर केला. सगळे उठले आणि मान खाली घालून उभे राहिले.

“आटपली वाटतं प्रार्थना,” मामा म्हणाले.

लीव्हन वर्गणीदारांना शेजारच्या खोलीत बिअर आणि चीज खायला घेऊन गेला. दार बंद झालं तसे मामा खूश. कोटाच्या बाह्या मागं सारल्या, मनगटं झटकली. “गेली का जेवायला? चला, आता बरं वाटलं. पत्ती बी लागली. शालू, लाव टेप.”

मी काचेच्या खोलीतून बाहेर येऊन त्यांच्यापुढं उभी राहिले.

“लाव की.”

“मामा, झालं.”

“काय झालं?”

“रेकॉर्डिंग. तेच होतं. मी सकाळी सांगितलं होतं ना.”

मामा आधी हसले. मग माझ्या तोंडाकडं बघितलं आणि थांबले. “ते? आगं, ती तर पत्ती ओली केली मी.”

“हो.”

“ते माझ्या नावावर काढणार? फडकं अडकलेलं?” ते खुर्चीवर बसले. जिभेनं ते दोन दात आतून ढकलत होते. नकळत चाललं होतं ते. “शालू, मिरजेत ऐकत्याल गं लोक. म्हणत्याल, रंगरावाला एवढंच येत हुतं.”

मी शेजारच्या खोलीत गेले. लीव्हनभोवती कोंडाळं जमलं होतं.

“घराची किल्ली दे. घरून दुसरं रीळ घेऊन येते.”

“कशाला?”

“मामा आता वाजवताहेत.”

“ते वाजवून झाले,” लीव्हन म्हणाला. चारजण हसले, कुजबुजत्या आवाजात. हसण्याचीसुद्धा त्यांची तीच तऱ्हा.

“ते साफसफाई करत होते, लीव्हन. फडकं अडकलं होतं वाद्यात!”

“ते फडकं!” शेजारच्या गृहस्थानं छातीवर हात ठेवला. “मी तर म्हणेन, ते फडकं म्हणजेच…” आणि पुढं त्याला बोलवेना.

लीव्हननं मला बाजूला घेतलं. “आज एकाला दुसरी संधी दिली, की आजवरच्या सगळ्या रेकॉर्डी खोट्या ठरतात. हे माझं आयुष्य आहे, शालन.”

“आणि त्यांचं? त्या माणसाला परत वाजवता येणार नाही. दात चाललेत त्यांचे.”

“म्हणूनच. ते आता अमर झालेत.” आणि त्यानं माझ्या गालाला हात लावला, लहान मुलीला लावतात तसा.

मी परत आले ती सरळ काचेच्या खोलीत. मशीनवर तेच रीळ होतं. दुसरं त्या इमारतीत नव्हतंच, तत्त्व ना! मी बटण दाबलं आणि रीळ मागं फिरवायला लागले. त्या गिरणीत तो आवाज पहिल्यांदाच होत होता. रिक धावत काचेपाशी आला.

“शालन, त्याच्यावर पहिलं आहे.”

“माहीत आहे.”

“तू त्याच्यावरच घेतलंस तर ते पुसलं जाईल.”

“तू वाजवणार आहेस, की तुला पण चीज खायला जायचंय?”

रिकनं दाराकडं पाहिलं. मग जाऊन बेस उचललं. त्या सगळ्या गोतावळ्यात एवढा एकच माणूस माणसासारखा होता.

“मामा, वाजवा,” मी ओरडले. “लाल दिवा लागला!”

मामा उठले. वाजवायला लागले, आणि पहिल्या सुरालाच माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मी लपवत नाही. लहानपणापासून ऐकलेलं ते वाजवणं, पण तसं मी पूर्वी ऐकलं नव्हतं. भैरवी होती. मुलीची पाठवणी करताना ते वाजवायचे तीच धून त्यांनी धरली, पण सावकाश, एकेक सूर तपासून घेत, आणि तो सोडताना जड जावं तसा सोडत. रिकनं थोडा वेळ नुसतं ऐकलं, मग खालून एक सूर दिला. मामांनी भुवई वर केली आणि त्याला बरोबर घेतलं. पुढं तर दोघं एकमेकांची गंमत करायला लागले. मामा एक वाट दाखवून दुसरीकडूनच यायचे, रिक हसत हसत मागं धावायचा. मला भीती एकाच गोष्टीची होती, रीळ पुरतंय का. मामांच्या ओठाखाली रक्त दिसत होतं. त्यांनी थांबून ते पुसलंसुद्धा नाही.

मध्येच दार उघडलं. लीव्हन, आणि त्याच्या मागं सगळं लटांबर. त्यानं फिरणारं रीळ पाहिलं. पण वादक वाजवत असताना आत यायचं नाही हाही नेमच, म्हणून उंबऱ्यातच अडकून पडला! शेवटपर्यंत तिथंच उभा राहिला. मामा थांबले, आणि टाळ्या ऐकू आल्या. ती उघड्या पर्सवाली म्हातारी एकटीच वाजवत होती. लोक तिच्याकडं बघायला लागले तशी ती ओशाळून थांबली.

“कशावर घेतलंस?” लीव्हननं विचारलं.

“त्याच रिळावर.”

“आणि पहिलं?”

“पुसलं.”

तो जमिनीवरच बसला. दारातल्या माणसांनी असा उसासा टाकला की वाटावं, घरातलं कुणी गेलं. एका बाईनं हुंदका दिला. आत्ता, याच जागी, याच माणसानं जीव ओतून वाजवलं होतं ते त्यांच्या कानांवर पडलं होतं. आणि ती मंडळी रडत होती ते फडक्यासाठी.

“काय म्हणतोय जावई?” मामांनी रुमालानं तोंड पुसत विचारलं. ते अजून त्याच आनंदात होते. “रेकॉर्ड कधी निघंल, इचार.”

मी विचारलं. लीव्हन मान वर न करता म्हणाला, “कधीच नाही. हे दुसरं आहे. एनमालवर दुसरं निघत नाही.”

मी ते जसंच्या तसं मामांना सांगितलं. गोड करून सांगायची माझी इच्छाच मेली होती.

“वाईट हाय म्हणला का?” मामांनी विचारलं.

“नाही. तसं काहीच म्हणाला नाही.”

“निस्तं दुसरं हाय म्हणून?”

“हो.”

मामांनी क्लॅरनेटचे भाग सुटे केले, एकेक पुसला, पेटीत ठेवला. पेटी बंद केली आणि मग म्हणाले, “त्याला सांग, बिजवर नवरदेवापुढं बी आमी वाजीवतो.”

मी सांगितलं. बिजवर म्हणजे काय तेही समजावून सांगितलं, दुसरेपणाचा नवरा म्हणून. रिक तेवढा हसला.

मामा परत गेले. विमानतळावर मला म्हणाले, “तुला आवडलं न्हवं? मग ऱ्हाऊ दे.” पण ऱ्हाऊ दे म्हणताना माझ्याकडं बघितलं नाही. मिरजेला जाऊन त्यांनी दात काढले. मी कॅसेट करून पाठवली, तर ती त्यांनी माझ्या भावाच्या हाती परत धाडली. कॅसेट नको, तबकडी पाहिजे, म्हणाले. शेवटपर्यंत त्यांनी ते स्वतःचं वाजवणं ऐकलं नाही. मी लीव्हनचं घर सोडलं, एक बॅग आणि ते रीळ घेऊन, आणि गेंटच्याच रेडिओत नोकरी धरली. त्यालाही रीळ नकोच होतं. बाटलेलं होतं ना ते.

आता एनमालचं पुढं काय झालं तेही सांगते, कारण तेवढ्यानं या लोकांचं समाधान झालं नाही. त्या पुसलेल्या वाजवण्याचा क्रमांक लीव्हननं रिकामा ठेवला. मग त्या क्रमांकाचं राखाडी कव्हर छापलं, आत तबकडी नाही, आणि विकायला काढलं. लोकांनी ते घेतलं! भिंतीवर लावलं! कंपनी तोवर रडतखडत चालली होती, ती त्या रिकाम्या पाकिटावर नावारूपाला आली. जपानहून माणसं गिरणी बघायला यायला लागली.

कंपनीचा आता ट्रस्ट झालाय. गेल्या वर्षी ट्रस्टींनी कंपनीचा इतिहास लिहायला एक बाई नेमली, आनलीस तिचं नाव. हुशार, नम्र, बूट दाराबाहेर काढून आत आली. तिनं एक प्रकरण मला वाचून दाखवलं. ‘हरवलेला पहिला श्वास’. त्यात मी होते. ‘सांस्कृतिक गैरसमजातून तंत्रज्ञ पत्नीच्या हातून’ ते पुसलं गेलं म्हणे. मामांचं नाव तळटीपेत, तेही चुकीचं.

मी रीळ काढलं. तिला बसवलं आणि मामांचं वाजवणं लावलं. म्हटलं, कान तर आहेत हिला. तिनं अगदी मन लावून ऐकलं, शेवटपर्यंत. मला वाटलं, आता तरी.

“फार सुंदर,” ती म्हणाली. “आणि आता सांगाल का, पहिलं कसं होतं? ते मशीनपाशी ऐकलेले तुम्ही आणि लीव्हन दोघंच. त्यांना तर बोलवतच नाही त्याबद्दल.”

 मग माझ्या डोक्यात उजेड पडला.

“सांगते,” मी म्हटलं. “सगळं सांगते. पण पुस्तकाबरोबर हे आत्ता ऐकलंस ते रेकॉर्ड म्हणून निघालं पाहिजे. वर रंगराव घडशी असं ठळक नाव आणि फोटो. जरीच्या कोटातला, मी देते तो.”

आनलीसनं ट्रस्टींना विचारलं. नेमात बसत नव्हतं, पण पहिल्याचं वर्णन मिळणार म्हटल्यावर सगळ्यांचे नेम विरघळले.

मग मी सांगितलं. तासभर सांगितलं. म्हटलं, त्यात एक सूर असा होता की तो येण्याआधीच निघून गेला होता. म्हटलं, मध्ये एक शांतता आली, ती गिरणीत काम केलेल्या सगळ्या माणसांची होती. म्हटलं, ते फडकं बाहेर आलं तेव्हा मला जन्म ऐकू आला. आनलीसचे डोळे भरून आले. अहो, मी बोलता बोलता शेंगा सोलत होते!

रेकॉर्ड निघाली. राखाडी नाही, मामांच्या फोटोची. नाव ठळक, बरोबर लिहिलेलं. त्याखाली बारीक अक्षरांत छापलंय, ‘दुसरं वादन, केवळ संदर्भासाठी’. मिरजेला मामांच्या नातवंडांना मी पेटी भरून पाठवल्या. ती बारीक अक्षरं इकडच्या भाषेत आहेत, त्यांना वाचता येत नाहीत, तेच बरं आहे.

पुस्तक आलं त्या आठवड्यात फोन वाजला. लीव्हन. किती वर्षांनी, कुणास ठाऊक. म्हातारा झालाय आवाज.

“शालन,” तो म्हणाला, आणि रडायला लागला. “तू सांगितलंस ते वाचलं. अगदी तसंच होतं. तो सूर. ती शांतता. मला सगळं आठवतंय.”

मी विचारलं, “आणि बरोबरची रेकॉर्ड? ती ऐकलीस?”

“नाही. ती नाही ऐकू शकत मी. दुसरं ऐकलं तर माझ्या कानातलं पहिलं पुसलं जाईल.”

“मर मेल्या,” मी म्हटलं आणि फोन ठेवला. तेवढं मराठी त्याला येतं.